स्टुटगार्टहून आणलेला जलतरंग

शनिवारी माणसानं झोपावं. माझ्याबरोबर फ्लॅटमध्ये राहणारा सहकारी झोपायचा, दुपारी उठून कुकर लावायचा आणि पुन्हा आडवा व्हायचा. मी मात्र सकाळीच तोंड धुऊन ट्राममध्ये बसलेलो असायचो. आठवडाभर क्लायंटच्या ऑफिसात त्यांच्या जुन्या प्रोग्रॅममधल्या चुका निस्तरून डोळ्यांची आग झालेली असायची. बाहेर थंडी, पाऊस नाही तर दोन्ही. बॅगेत एका रेकॉर्डच्या कव्हरची झेरॉक्स. जलतरंगाची एलपी होती ती. कंपनीनं मला स्टुटगार्टला मोटारींच्या सुट्या भागांचा हिशोब ठेवणारं सॉफ्टवेअर लिहायला पाठवलं होतं. आईनं मात्र त्या रेकॉर्डसाठी पाठवलं होतं, असंच मला पुढं पुढं वाटायला लागलं.

आमचं घर नारायण पेठेत, तिसऱ्या मजल्यावर. बाबा सरकारी कचेरीत होते. संध्याकाळी घरी आले की हातपाय धुवायचे, चहा घ्यायचे आणि एक रेकॉर्ड लावायचे. एकच. दुसरी लावली की पहिली पुसली जाते म्हणायचे. बाबा गात नव्हते, वाजवत नव्हते, पण पेठेत त्यांना कानसेन म्हणत. मैफलीत लोक गवयाकडे बघायचे, तसे अधूनमधून बाबांकडेही बघायचे, ह्यांची मान हलते की नाही ते. ती सहसा हलायची नाही. सगळ्या रेकॉर्डींत त्यांची लाडकी होती ती जलतरंगाची. चिनी मातीच्या वाट्या मांडायच्या, त्यांत कमीजास्त पाणी भरायचं आणि दोन बारीक काठ्यांनी वाजवायचं, असं ते वाद्य. वाजवणारा फार नावाजलेला नव्हता. ती रेकॉर्ड लागली की आईनं स्वयंपाकघरात फोडणीसुद्धा थांबवायची, असा घरचा नियम होता. शेवटी वरच्या बारीक वाट्यांवर तो माणूस जे काही करायचा, त्यासाठी बाबा डोळे मिटून बसायचे.

मग कॅसेटी आल्या. प्लेअरची सुई बाजारातून गायब झाली. लक्ष्मी रोडवरचा दुकानदार "आता कोण विचारतंय?" म्हणाला. बाबांनी प्लेअर कपाटावर चढवला आणि त्यावर चादर टाकली. देश खुला झाला, खुला झाला असं तेव्हा रोज पेपरात यायचं. आमच्या घरात खुलं झालं ते एवढंच, की केबल आली आणि टेपरेकॉर्डरला दोन कप्पे आले.

त्याच सुमारास पेठेतल्या बायकांच्या एका हॉबी क्लासात रेकॉर्डच्या कुंड्या शिकवायला लागले. मोठ्या पातेल्यात पाणी उकळायचं, रेकॉर्ड चिमट्यात धरून त्यात सोडायची. ती पापडासारखी मऊ पडली की उपड्या डब्यावर टाकायची आणि हातानं कडांना झालरीसारख्या चुण्या घालायच्या. गार झाली की झाली कुंडी. पाणी झिरपायला मधलं भोक आयतंच. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्या वर्षी आईला वाण लुटायचं होतं. प्लास्टिकच्या डब्या सगळ्याच वाटतात, म्हणून तिनं कुंड्या करायचं ठरवलं आणि बाबांना विचारलं. बाबा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "खालच्या फळीवरच्या घे."

आईनं खालच्या फळीवरच्याच घेतल्या. जलतरंगाची नेहमी वरच्या फळीवर असायची. ती खाली कशी आली ते आजतागायत कोणाला सांगता आलेलं नाही, आणि आईनं त्यावर कधी वाद घातला नाही. समोर सारख्याच काळ्या रेकॉर्डींचा गठ्ठा, पाण्याची वाफ, संक्रांत तोंडावर आलेली. लेबल वाचत बसायला तिला फुरसत नव्हती. बाकीच्या कुंड्या छान झाल्या आणि पेठेत घरोघरी गेल्या. वाण दिलेलं परत मागत नाहीत, त्यामुळे त्या गेल्या त्या गेल्याच. एक तेवढी वाकडी झाली. सवाष्णीला वाकडी वस्तू कशी द्यायची म्हणून ती घरी राहिली. बाबांनी ती उचलून आत बघितलं. लेबल शाबूत होतं.

बाबा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, असं आता वाटतं. ते म्हणाले, "जलतरंगच ना? पाणी घाला आणि काठी आणा."

आम्ही सगळे हसलो. आईही हसली. चूक तिथं संपायला हवी होती. पण बाबांनी ती कुंडी बैठकीतल्या टीपॉयवर ठेवली, किल्ल्या टाकायला. पाहुणा आला, चहा झाला, की बाबा किल्ल्या बाहेर काढायचे आणि कुंडी त्याच्या हातात द्यायचे. "वाचा. आत लिहिलंय. आमच्याकडे जलतरंग असा ठेवतात." पाहुणा हसायचा. आई कप उचलत हसायची. माझी बायको लग्नानंतर पहिल्यांदा त्या घरात शिरली, तेव्हा तिलाही पेढ्याच्या आधी कुंडी मिळाली. बाबा वाईट नव्हते. माझ्या आजारपणात रात्रंदिवस उशाशी बसलेला माणूस आहे तो. पण पुण्यात एखादा विनोद जमला की माणूस तो पेन्शनसारखा जपतो, आणि ह्या विनोदाचा हप्ता आईच्या खात्यातून जात होता.

पुढं मी इंजिनिअर झालो, हिंजवडीत लागलो आणि परवडेल तिथं, म्हणजे धायरीला, फ्लॅट घेतला. कंपनीच्या बसमध्ये जाताना एक झोप व्हायची, येताना दुसरी. जर्मनीला निघायच्या आदल्या दिवशी आई एकटी, दोन बस बदलून धायरीला आली. लाडवांचा डबा मला दिला आणि पिशवीतून जुन्या साडीत गुंडाळलेलं काहीतरी काढलं. जलतरंगाच्या रेकॉर्डचं कव्हर होतं ते, रिकामं. कपाटात साड्यांच्या तळाशी तिनं ते इतकी वर्षं ठेवलं होतं.

"तिकडे मिळते का बघ," ती म्हणाली. "ही बाहेरच्या देशांतही निघाली होती, मागे छापलंय बघ बारीक अक्षरांत. ह्यांना सांगू नकोस. नाही मिळाली तर बोलायला आणखी एक गोष्ट व्हायची."

"अगं, पुण्यात बघू की आधी."

"बघितलं. जुन्या बाजारात किती रविवार जाऊन आले मी."

जुना बाजार म्हणजे नटबोल्ट, मोटारींचे आरसे, मोडके पंखे, चोरीचे नळ. तिथं फरशीवर मांडलेल्या सामानातून वाकून वाकून रेकॉर्डी चाळणारी माझी आई माझ्या डोळ्यांसमोर आली. म्हटलं, "आणतो." एवढा एकच शब्द बोललो आणि त्याच्यामागे वर्षभर फरफटत गेलो.

स्टुटगार्टातही शनिवारी चौकात जुना बाजार भरतो. आपल्यासारखाच, फक्त भांडण नाही. खोक्यांत रेकॉर्डी उभ्या लावलेल्या असतात, त्या बोटांनी एकेक पुढं ढकलत बघायच्या. सुरुवातीला मजा वाटली. नंतर बोटांची टोकं काळी पडायची, कंबर धरायची, नाकात धूळ जायची. भारताचा कप्पा म्हणून असायचा तो बेली डान्स आणि योगासनांच्या मधोमध. त्यात सतार, सतार आणि सतार. कव्हरवर उदबत्ती किंवा हत्ती. जर्मन लोकांना भारतात दुसरं वाद्य असतं हे कोणी सांगितलेलंच नव्हतं. मी झेरॉक्स दाखवायचो, माझ्या मोडक्या जर्मनमध्ये "वाट्या, पाणी, काठी" म्हणायचो. एकानं मला सौम्यपणे भांड्यांच्या दुकानाचा रस्ता सांगितला.

रेकॉर्डींच्या दुकानांची तऱ्हा वेगळीच. एका दुकानावर दुपारी बंद असल्याची पाटी पाहून मला पेठेत आल्यासारखं वाटलं. पण ते समाधान दारापर्यंतच, कारण ते उघडेपर्यंत मी समोरच्या बसस्टॉपवर कुडकुडत बसलो, आणि आत पुन्हा सतारच निघाली. इंटरनेटवर शोधलं तर त्या वादकाचं नावसुद्धा येईना. कामानिमित्त दुसऱ्या गावी जायचो तिथंही शोधायचो. सहकारी म्हणायचा, "सर, एमपीथ्री लो ना." त्याला काय सांगणार? आईला गाणं नको होतं. तिला ती वस्तू हवी होती, जशीच्या तशी, बाबांच्या हातात ठेवायला.

दर शनिवारी दुपारी मी घरी फोन करायचो, तेव्हा पुण्यात संध्याकाळ असायची. आई फोन उचलायची आणि हळूच विचारायची, "काही?" मी "नाही" म्हणायचो. ती "बरं, जेवलास का?" म्हणायची. मग बाबा फोन घ्यायचे. "मोठ्यानं बोल. तिकडची लाइन खराब आहे." मी ओरडायचो. बाबा म्हणायचे, "हल्ली माणसं तोंडातल्या तोंडात बोलतात. इथं बातम्या देणारेसुद्धा." मला वाटायचं, वय झालं, तिरकसपणा वाढला. टीव्हीचा आवाज फोनमधून मला शब्दन् शब्द ऐकू यायचा, तरी माझ्या डोक्यात काही शिरलं नाही. मी कंटाळलेला होतो. "नाही" म्हणायचा कंटाळा, आईचं ते "बरं" ऐकायचा कंटाळा. एकदा तर मी ट्राममध्ये बसून शेवटच्या स्टॉपपर्यंत गेलो, एकाही दुकानात न शिरता परत आलो आणि तिला सांगितलं, खूप शोधलं.

सापडली ती अशीच, काही पराक्रम न होता. सेकंडहँड कपड्यांचं एक दुकान होतं, मी हातमोजे घ्यायला शिरलो. कोपऱ्यात नाताळच्या गाण्यांच्या रेकॉर्डी होत्या. सवयीनं बोटं चालली. कव्हर अर्थातच हत्तीचं होतं. पण मागच्या बाजूला वादकाचं नाव, तबलजीचं नाव, राग, सगळं झेरॉक्सशी जुळत होतं. दुकानातल्या बाईनं कोपऱ्यातल्या प्लेअरवर लावून दिली. पहिल्या दोन थेंबांतच मला आमची बैठक दिसली, पाय धुऊन बसलेले बाबा दिसले. आनंदानं नाचावं वगैरे काही वाटलं नाही. आता पुढच्या शनिवारी झोपता येईल, असं वाटलं. मी हातमोजे विसरलो.

त्या दिवशी आईनं "काही?" विचारल्यावर मी "हो" म्हटलं. ती म्हणाली, "जपून आण हं. सपाट ठेव." थोड्या वेळानं म्हणाली, "सुटले रे मी."

एक छोटा, स्पीकर अंगातच असलेला प्लेअरही घेतला. रेकॉर्ड दोन स्वेटरांच्या मध्ये ठेवून हातातल्या बॅगेतून आणली. मुंबईला कस्टमवाल्यानं उघडून बघितली आणि "ये अभी भी चलता है?" एवढंच विचारलं. पुण्यात पोहोचून एक दिवस झोपलो आणि रविवारी सकाळी नारायण पेठेत गेलो.

आईनं नवी साडी नेसली होती. बाबांना काहीच माहीत नव्हतं. बैठकीत आम्ही तिघंच होतो. मी प्लेअर टीपॉयवर मांडला आणि आईच्या हातात रेकॉर्ड दिली. तिनं ती दोन्ही हातांनी बाबांपुढं धरली.

"काय आहे?" बाबा म्हणाले. मग चष्मा लावून त्यांनी हत्तीची मागची बाजू वाचली. पुन्हा पहिल्यापासून वाचली. त्यांनी आईकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा असा झाला, की मी खिडकीबाहेर बघायला लागलो. इतकी वर्षं तोंडपाठ असलेलं एकही वाक्य त्यांना आठवेना.

"लाव," ते मला म्हणाले आणि डोळे मिटून बसले.

मी सुई टेकवली. जलतरंग सुरू झाला. सुरुवातीला तबला नसतोच, नुसत्या वाट्या, एकेक थेंब सावकाश. आई भिंतीला टेकून उभी होती. तिचे डोळे भरून आले होते आणि ती पुसत नव्हती.

"लाव की," बाबा म्हणाले.

"लावलीय बाबा."

"कुठं लावलीय? सुई टेकलेली नाही."

मी आवाज वाढवला. वाट्या सगळ्या बैठकीत वाजायला लागल्या. समोरच्या गॅलरीतल्या बाईंनी कपडे वाळत घालताना वळून बघितलं. बाबा डोळे मिटून वाट बघत होते. मग त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"स्वयंपाकघरात भांडी कोण वाजवतंय?"

मी आईकडे बघितलं. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. ती बाबांकडेच बघत होती.

तेवढ्यात तबला सुरू झाला आणि बाबांची मान हलली. "हां. आता लागली." ते ऐकत राहिले. हाताचा पंजा गुडघ्यावर ठेका धरत होता, अगदी बरोबर. वाट्या वर चढत होत्या, त्या शेवटच्या बारीक जागांकडे निघाल्या होत्या, ज्यांच्यासाठी आमच्या घरात फोडणी थांबायची. बाबा ठेका धरून जलतरंग सुरू व्हायची वाट बघत होते. बाजू संपली. सुई आपोआप उचलली गेली.

"तबला बरा आहे," बाबा म्हणाले. "पण ही ती नव्हे." त्यांनी रेकॉर्ड काढून लेबल डोळ्यांजवळ नेलं. "लिहिलंय जलतरंग. आत भरलाय नुसता तबला. जर्मन माणूस मोटार बरी करतो, बाकी त्याला काय कळतंय."

मी म्हणालो, "बाबा, तीच आहे. तुम्हाला..." आणि आईनं माझं मनगट धरलं. इतकं घट्ट, की बांगडी रुतली.

"तबल्याचीच आहे," ती बाबांना ऐकू जाईल अशा जाड, मोठ्या आवाजात म्हणाली. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की ती हल्ली त्यांच्याशी ह्याच आवाजात बोलते. "ह्याला काय समजतंय? हत्ती बघितला आणि उचलून आणली."

"आणि भांडी?" बाबा म्हणाले. "मघापासून खणखण चाललीय."

"भांडीवाली आलीय. आज उशीर झाला तिला."

"तिला म्हणावं, रेकॉर्ड चालू असताना थांबत जा." बाबांनी रेकॉर्ड हत्तीत सरकवली आणि माझ्याकडे दिली. आवाजात तिरकसपणा नव्हता, आणि तेच मला सोसवेना. "असू दे. एवढ्या लांबून आणलीस. पुढच्या खेपेला नीट ऐकून आण."

"हो बाबा," मी मोठ्यानं म्हणालो. "चुकलं माझं."

आई स्वयंपाकघरात गेली. मी तिच्यामागे गेलो. ती ओट्याला टेकून उभी होती.

"केव्हापासून?" मी विचारलं.

"झालं बरंच. जाड आवाज पोचतात, बारीक नाही पोचत. मैफलीला जातात अजून. पुढंच बसतात. परवा गाणं संपायच्या आधीच वा म्हणाले. लोकांना वाटलं, काहीतरी मोठी जागा असणार." ती हसली नाही. "आपण बाकीचे ऐकतो, तसं नाही रे त्यांचं. ह्या घरात त्यांच्याकडे दुसरं काय आहे?"

"सांगूया ना. कानाचं मशीन मिळतं. उद्याच डॉक्टरकडे नेऊ."

"नेऊ. पण आज नको, आणि रेकॉर्डचं नाव काढून नको. आज सांगितलंस तर त्यांना कळेल की ती तीच होती."

"आणि तुझं काय?" मला रडू येत होतं आणि रागही येत होता, कोणाचा ते कळत नव्हतं. "वर्षभर शोधली मी. तू सुटले म्हणाली होतीस."

"म्हणाले होते," आई म्हणाली. तिनं पदरानं तोंड पुसलं. नव्या साडीचा पदर होता, तो तिनं कमरेला खोचला.

बैठकीतून बाबांचा आवाज आला, "अगं, गेली का ती बाई?"

"नाही हो, आहे अजून," आई ओरडली. आणि तिनं मांडणीवरून सकाळीच घासून पुसून लावलेली स्वच्छ भांडी खाली काढली, नळ सोडला, आणि ती एकेक आपटत घासायला लागली.